विश्वासानं माणूस देव होतो, असं ल्यूथर म्हणाला होता का?

एस्पूकर

मार्टिन ल्यूथर म्हटला की शाळेतलं इतिहासाचं पुस्तक आठवतं. १५१७, विटेनबर्ग, पापमुक्तीपत्रांचा बाजार, ९५ कलमं. त्यापुढे कुणी वाचलंच तर 'केवळ विश्वासानं तारण' एवढं कानावर पडतं, आणि त्याचा अर्थ बहुतेक वेळा कोर्टाच्या भाषेत सांगितला जातो. देव न्यायाधीश, माणूस आरोपी, गुन्हा शाबीत. ख्रिस्तानं शिक्षा आपल्या अंगावर घेतली म्हणून निकाल लागतो: नीतिमान. आरोपी आतून होता तसाच राहतो, बदलतो तो फक्त निकालाचा कागद.

हे चित्र खोटं नाही. ल्यूथरमध्ये ते आहे, त्याचा सहकारी फिलिप मेलांकथॉन याच्यात तर फारच ठळक आहे. पण ल्यूथर प्रत्यक्ष वाचायला घेतला की मधूनच अशी वाक्यं भेटतात जी या चित्रात मावत नाहीत. १५१४ च्या नाताळच्या प्रवचनात तो सरळ म्हणतो, की माणसानं देव व्हावं म्हणून देव माणूस झाला. हा सूर चौथ्या शतकातल्या अलेक्झांड्रियाच्या अथनेशियसचा. ग्रीक आणि रशियन ऑर्थोडॉक्स मंडळींत तो आजही पायाचा दगड आहे. ते त्याला थिओसिस म्हणतात, मी इथे ईश्वरीकरण म्हणेन. आधार बायबलचाच आहे, पेत्राच्या दुसऱ्या पत्रातला: 'तुम्ही दैवी स्वभावाचे भागीदार व्हावे.'

१५१४ मध्ये ल्यूथर अजून मठात होता, तेव्हा हे तरुणपणीचं वाक्य म्हणून बाजूला ठेवता येईल. पण बायबलमधल्या गलतीकरांस पत्रावरची त्याची मोठी व्याख्यानं १५३१ मधली, आणि विद्यार्थ्यांनी उतरवून घेतलेल्या टिपणांवरून ती १५३५ मध्ये छापली गेली. प्रस्तावना त्यानंच लिहिली आणि विचार आपलेच आहेत अशी ग्वाही दिली. तोवर तो पन्नाशी ओलांडलेला, अनेक वादांत भाजून निघालेला माणूस होता. त्यात दुसऱ्या अध्यायावर बोलताना तो म्हणतो, की विश्वासातच ख्रिस्त स्वतः हजर असतो. अंगठीच्या कोंदणात रत्न धरलेलं असावं तसा विश्वास ख्रिस्ताला धरून ठेवतो. पुढे तर म्हणतो, की विश्वासानं तू ख्रिस्ताशी असा सांधला जातोस, की तो आणि तू मिळून जणू एकच व्यक्ती. आणि तिसऱ्या अध्यायावर बोलताना त्याहून धाडसी वाक्य येतं: विश्वास हा देवत्व निर्माण करणारा आहे, देवाच्या ठायी नव्हे, आपल्या ठायी.

ही वाक्यं शेकडो वर्षं छापील होती. मग ती विसाव्या शतकात नव्यानं 'सापडली' कशी? याचं उत्तर मी राहतो त्या देशात आहे.

फिनलंड हा मुख्यतः ल्यूथरपंथी देश, पण शेजारी रशिया, आणि इथे ऑर्थोडॉक्स चर्चलाही राष्ट्रीय चर्चचा दर्जा. १९७० मध्ये तुर्कू शहरात फिनिश ल्यूथरपंथी चर्च आणि रशियन ऑर्थोडॉक्स चर्च यांच्यात ईश्वरशास्त्रीय बोलणी सुरू झाली. शीतयुद्धाचे दिवस, त्यामुळे या गाठीभेटींना राजकारणाचा वासही होताच. १९७७ ची बैठक कीवला झाली. तिथे विषय होता तारण: एका बाजूचं 'नीतिमान ठरवलं जाणं' आणि दुसऱ्या बाजूचं ईश्वरीकरण, यांचा एकमेकांशी काही संबंध लागतो का? हेलसिंकी विद्यापीठाचा टुओमो मान्नर्मा (१९३७–२०१५) याच्या मांडणीनं तिथे वळण दिलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ऑर्थोडॉक्सांना भेटायला ल्यूथरपंथीयांनी ल्यूथर सोडायची गरज नाही, त्याला नीट वाचायची गरज आहे. विश्वासात ख्रिस्त खरोखर हजर असेल तर विश्वासू माणूस देवाच्या जीवनात सहभागी झालाच. १९७९ मध्ये त्याचं यावरचं छोटं पुस्तक आलं, मग त्याच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध, आणि १९९८ मध्ये अमेरिकेत इंग्रजी निबंधसंग्रह निघाल्यावर 'फिनिश संप्रदाय' हे नाव सगळीकडे झालं.

मान्नर्माचा जर्मन अभ्यासकांवर राग होता तो असा. एकोणिसाव्या शतकात आल्ब्रेख्ट रिचल वगैरे मंडळींनी तत्त्वज्ञ कांटच्या वळणानं ल्यूथर वाचला: देव स्वतः काय आहे ते आपल्याला कळत नाही, त्याचा आपल्या इच्छेवर होणारा परिणाम तेवढा कळतो. त्या चष्म्यातून 'ख्रिस्त हजर असतो' म्हणजे 'ख्रिस्ताचा प्रभाव जाणवतो' एवढंच उरतं. मान्नर्मा म्हणतो, ल्यूथरला कांट माहीत नव्हता हो. तो हजर म्हणतो तेव्हा त्याला हजरच म्हणायचं असतं.

इथवर मी फिनिशांच्या बाजूचा. पण माझ्या मते या सगळ्या चर्चेत ल्यूथरचा खरा मुद्दा जरा मागे पडतो. १५२० च्या ख्रिस्ती स्वातंत्र्यावरच्या निबंधाच्या शेवटाकडे तो म्हणतो, की ख्रिस्ती माणूस स्वतःत राहतच नाही. विश्वासानं तो स्वतःच्या वर, देवात उचलला जातो, आणि प्रेमानं स्वतःच्या खाली, शेजाऱ्यात उतरतो. मग लिहितो: ख्रिस्तानं स्वतःला मला दिलं, तसा मी माझ्या शेजाऱ्यासाठी एक ख्रिस्त होईन. म्हणजे ल्यूथरचं ईश्वरीकरण वर चढून थांबत नाही. ख्रिस्ती समजुतीप्रमाणे देवानं जे केलं (खाली येणं, दुसऱ्याचं ओझं आपलं मानणं), तेच देव 'झालेल्या' माणसाच्या वाट्याला येतं. आभा नाही, सिद्धी नाही. शेजाऱ्याची धुणी-भांडी आहेत.

कुणाला या विषयात गम्य असेल तर बोला. हेलसिंकीत यावर बोलायला माणसं मिळतात, मराठीत मिळत नाहीत.

मनीमाऊ

वाचतेय. फिनलंडहून नोकिया आणि सौना सोडून असलंही काही येतं हे नव्हतं ठाऊक. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

तर्ककर्कश

लेख आवडला, पण एवढा आटापिटा कशाला? 'तो आणि तू एकच' हे आपल्याकडे उपनिषदांपासून चालत आलंय. ल्यूथर अद्वैताच्या दारापर्यंत आला आणि चर्चच्या धाकानं उंबरठ्यावरून परत फिरला, असं सरळ म्हणा की.

एस्पूकर

@तर्ककर्कश, हा प्रश्न येणार हे धागा काढतानाच माहीत होतं. :)

ल्यूथरला चर्चच्या धाकाचं फारसं काही राहिलं नव्हतं, १५२१ मध्ये पोपनं त्याला बहिष्कृतच केलं होतं. तो परत फिरला नाही, तो वेगळ्याच वाटेवर होता. अद्वैतात जीव मुळातच ब्रह्म आहे, अज्ञान गेलं की झालं. ल्यूथरकडे जीव मुळात देव नाही आणि कधीही स्वभावानं देव होत नाही. निर्माता आणि निर्मिती यांच्यातली रेघ तो पुसत नाही. जे होतं ती अदलाबदल. १५२० च्याच निबंधात तो लग्नाचा दाखला देतो: ख्रिस्त नवरा, आत्मा कर्जात बुडालेली, बदनाम नवरी. लग्न लागलं की तिचं पाप त्याचं आणि त्याचं नीतिमत्त्व तिचं. यात दोघं लागतातच. एकच उरला तर देणार कोण आणि घेणार कोण?

आपल्या चार मुक्तींशी ताडून पाहायचंच तर ही सायुज्यता नव्हे. समीपता म्हणावी तर त्यापेक्षा जवळची. मी ताडायच्या फंदात फार पडत नाही, कारण मग दोन्हीकडचं थोडं थोडं सांडतं.

तर्ककर्कश

हं. म्हणजे भक्ताला वेगळेपण हवंच असतं, साखर व्हायचं नसतं, चाखायची असते, तसलं काहीतरी. बरं. पटलं असं नाही, पण मुद्दा कळला.

नगरचा_पाहुणा

आमचं घराणं अहमदनगरचं, अमेरिकन मराठी मिशनच्या काळापासूनचं; १९७० मध्ये नागपूरला उत्तर भारतीय चर्च स्थापन झालं तेव्हापासून आम्ही सीएनआय. ल्यूथरपंथी आम्ही नव्हे, पण 'विश्वासाने नीतिमान ठरवणे' हे पाळकसाहेबांच्या तोंडून लहानपणापासून ऐकत आलो, आणि ते कोर्टाच्याच भाषेत.

मला त्या भाषेची बाजू घ्यायची आहे. एस्पूकर, तुम्ही निकालाच्या कागदाला जरा हलकं लेखलंत. आजारी, खचलेला, पापाच्या ओझ्यानं झोप उडालेला माणूस पाळकाकडे येतो तेव्हा त्याला सांगतात: स्वतःच्या आत बघू नकोस, वधस्तंभाकडे बघ. निकाल तुझ्याबाहेर लागलाय, तुझ्या मनाच्या चढउताराशी त्याचा संबंध नाही. आता तुम्ही त्यालाच म्हणणार, की ख्रिस्त तुझ्या आत हजर आहे. तो आत डोकावेल. तिथे त्याला मत्सर दिसेल, वासना दिसेल, कोरडेपणा दिसेल. ख्रिस्त दिसणार नाही. मग त्यानं काय समजायचं, आपला विश्वासच खोटा?

पुस्तकी शंका नाही ही. अशी माणसं पाहिली आहेत.

एस्पूकर

या धाग्यावर आलेला हा सगळ्यात वजनदार प्रश्न. ल्यूथरला तो पुरता माहीत होता. एर्फुर्टच्या मठात तो स्वतःच असा आत डोकावून डोकावून वेडा व्हायची पाळी आली होती.

म्हणूनच 'विश्वासातच ख्रिस्त हजर असतो' याला लागूनच तो जे सांगतो ते सोडता येत नाही. विश्वास म्हणजे एक प्रकारचा अंधार आहे, ज्यात काहीच दिसत नाही, आणि तरीही विश्वासानं धरलेला ख्रिस्त त्याच अंधारात बसलेला असतो. दाखला देतो तो सीनाय पर्वताचा: देव तिथे दाट ढगाच्या आत होता, उजेडात नव्हे. तो कसा हजर असतो हे विचारू नका, म्हणतो, ते विचारापलीकडचं आहे.

मला वाटतं ऑर्थोडॉक्सांपासून ल्यूथर नेमका इथे वेगळा होतो, आणि मान्नर्मा यावर पुरेसा थांबत नाही. चौदाव्या शतकातला ग्रेगरी पालामास, ज्याच्याकडे ते लोक या विषयासाठी आवर्जून जातात, त्याचा डोंगर ताबोर. ख्रिस्ताचं रूप पालटलं, शिष्यांना तेज दिसलं, आणि अखंड प्रार्थना करणाऱ्या साधूला ते अनिर्मित तेज आजही दिसू शकतं, असं तो म्हणतो. ल्यूथरचा डोंगर सीनाय, ढगासकट. तेव्हा तुमच्या त्या खचलेल्या माणसाला ल्यूथर 'आत बघ' असं सांगणारच नाही. तो म्हणेल, तुला दिसत नाही तिथेच तो आहे. कान उघडे ठेव, कारण तो वचनातून आणि प्रभुभोजनातून येतो, आणि ती दोन्ही तुझ्याबाहेरून येतात.

नगरचा_पाहुणा

हे बरंच समाधानकारक आहे. तरी पाळक म्हणून उभा राहिलो असतो तर मरणाच्या बिछान्याजवळ मी निकालच वाचून दाखवला असता. ढग समजावत बसायला वेळ नसतो तिथे.

पोथीपाल

फिनिश मंडळींचे कौतुक पुरे झाले, आता दुसरी बाजू. या सगळ्या चर्चेत एका माणसाचे नाव अजून कसे आले नाही? आंद्रेआस ऑसिअँडर (१४९८–१५५२). न्यूर्नबर्गचा धर्मसुधारक, आणि गंमत म्हणजे १५४३ मध्ये कोपर्निकसच्या ग्रंथाला 'हे केवळ गणिताचे गृहीतक समजा' अशी निनावी प्रस्तावना जोडणारा तो हाच. नंतर तो प्रशियात क्योनिग्सबर्गला, म्हणजे आजच्या कालिनिनग्राडला, प्राध्यापक झाला. ल्यूथर वारल्यानंतर चार वर्षांनी, १५५० मध्ये, त्याने तिथे जाहीर वादात जवळपास हेच मांडले: नीतिमान ठरणे म्हणजे कोरडा निकाल नव्हे, ख्रिस्ताचे दैवी, मूलभूत नीतिमत्त्व विश्वासाने आपल्यात वस्तीला येते, आणि त्यामुळे आपण नीतिमान. कोर्टाचा निकाल बर्फापेक्षा थंड आहे, अशी त्याची तक्रार.

मग काय झाले? एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे लोक त्याच्याविरुद्ध एक झाले. मेलांकथॉनने खंडन केले. मेलांकथॉनला पाण्यात पाहणाऱ्या फ्लाकियसनेही केले. कॅल्विनने १५५९ च्या आपल्या मोठ्या ग्रंथात पानेच्या पाने त्याच्यावर खर्च केली. ऑसिअँडर मेला तरी वाद शमला नाही. त्याचा जावई योहान फुंक दरबारी राजकारणात इतका गुंतला, की १५६६ मध्ये त्याचे मुंडके उडवले गेले. अखेर १५७७ च्या 'एकमताच्या सूत्रा'त, जो ल्यूथरपंथीयांचा अधिकृत मतग्रंथ आहे, तिसऱ्या कलमात निवाडा लिहिला गेला. देव विश्वासू माणसात राहतो हे खरे. पण ते राहणे म्हणजे ज्या नीतिमत्त्वामुळे आपण नीतिमान ठरतो ते नव्हे. आधी क्षमा, मग वस्ती. हा क्रम त्यांनी मुद्दाम बांधून दिला.

तेव्हा मान्नर्मा जे सांगतो ते 'विसरलेला ल्यूथर' आहे की 'नाकारलेला ऑसिअँडर', हा प्रश्न उरतोच. शिवाय कीवच्या बैठकीला जाताना ऑर्थोडॉक्सांशी जुळेल असे काहीतरी हवेच होते, आणि नेमके तेच सापडले. इतके सोयीचे शोध मला नेहमी संशयास्पद वाटतात.

मनीमाऊ

मुंडकं?! या धाग्यात हे येईल असं वाटलं नव्हतं.

एस्पूकर

पोथीपाल, तुमचीच वाट पाहत होतो.

ऑसिअँडर आणि ल्यूथर यांच्यात एक फरक आहे, आणि तो बारीक नाही. ऑसिअँडरच्या मते आपल्याला नीतिमान करतो तो ख्रिस्ताचा फक्त दैवी स्वभाव. वधस्तंभावर जे झालं ते पंधराशे वर्षांपूर्वीचं, त्यानं क्षमा मिळाली, ते प्रकरण वेगळं. ल्यूथरकडे अशी वाटणी नाही. आत येतो तो अख्खा ख्रिस्त, देव आणि माणूस, जखमांसकट. म्हणून क्षमा आणि वस्ती या दोन पायऱ्या उरत नाहीत. लाटोमुस या कॅथलिक विरोधकाविरुद्ध १५२१ मध्ये लिहिताना ल्यूथर दोन शब्द वापरतो, कृपा आणि देणगी: कृपा म्हणजे देवाची मर्जी, देणगी म्हणजे आतलं बरं होणं. मान्नर्माचं म्हणणं, की ख्रिस्त ही दोन्ही आहे. मर्जीही तोच, देणगीही तोच. मग आधी काय आणि मागून काय हे विचारण्यात अर्थ राहत नाही.

आणि तुम्ही ज्या तिसऱ्या कलमाचा दाखला दिलात, त्याच्या शेवटाला काय आहे ते सांगायचं राहिलं. तिथे लिहिलंय, की ज्याला या विषयाचं आणखी विवरण हवं असेल त्यानं ल्यूथरची गलतीकरांस पत्रावरची व्याख्यानं वाचावीत! म्हणजे ज्या ग्रंथातून मान्नर्मानं सगळं काढलं, तोच ग्रंथ त्याच्या विरोधकांचा मतग्रंथ शिफारस म्हणून पुढे करतो.

सोयीच्या शोधाबद्दल: हो, प्रश्न कीवनं दिला. पण प्रश्न कुठून आला यावरून उत्तर खोटं ठरत नाही. गलतीच्या व्याख्यानातलं ते वाक्य कीवच्या आधी साडेचारशे वर्षं तिथेच होतं.

पोथीपाल

कलमाच्या शेवटची शिफारस मान्य, ती मी मुद्दाम दडवली नव्हती, पण तुम्ही वापरलीत चांगली.

तरी दोन गोष्टी राहतात. पहिली, फिनिश अभ्यासक पुराव्यासाठी वारंवार १५१४ ते १५२१ च्या लेखनाकडे धावतात, जेव्हा ल्यूथरची स्वतःची शिकवण अजून घडत होती. दुसरी अधिक महत्त्वाची. ल्यूथरचे 'हजर असणे' हे नेहमी वचनाला बांधलेले आहे: देव बोलतो आणि बोलल्याने गोष्टी होतात. 'प्रकाश होवो' म्हटले आणि प्रकाश झाला. तसाच 'तू नीतिमान आहेस' हा निकालही नुसता कागद नाही, तो घडवणारा शब्द आहे. असे असेल तर निकाल आणि सहभाग यांना एकमेकांविरुद्ध उभे करण्याची गरज मान्नर्मालाही नव्हती. अस्तित्वशास्त्राची अवजड भाषा त्याने जर्मनांना उत्तर म्हणून आणली, आणि ती ल्यूथरच्या अंगावर ढगळ बसते. रायनहार्ड फ्लोगाउसने १९९७ मध्ये पालामास आणि ल्यूथर शेजारी ठेवून तपासले आहेत. तिथे साम्याइतकेच अंतरही दिसते.

एस्पूकर

घडवणारा शब्द हा मुद्दा मला पूर्ण मान्य. १५१८ च्या हायडेलबर्गच्या वादातलं शेवटचं ईश्वरशास्त्रीय विधान तेच सांगतं: देवाचं प्रेम आवडण्याजोगं काही शोधत नाही, ते निर्माण करतं. यावर नगरकर, तुम्ही आणि मी एकत्र बसू शकतो.

समुद्रकाठचा

वसईचा कॅथलिक बोलतोय, मधे पडतो.

तुमच्या दोघांच्या भांडणात गंमत वाटली, कारण आमच्याकडे हे रोज होतं आणि कुणाचं लक्षही नसतं. मिस्सामध्ये, म्हणजे आमच्या मुख्य उपासनेत, धर्मगुरू द्राक्षरसात पाण्याचा थेंब टाकतात तेव्हा हळू आवाजात प्रार्थना म्हणतात: जो आमच्या मनुष्यत्वात सहभागी झाला, त्या ख्रिस्ताच्या देवत्वात आम्हीही सहभागी होवो. अल्तारसेवक म्हणून मी शेजारी उभा असायचो, म्हणून ऐकू यायचं.

आणि १५४७ मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेनं प्रॉटेस्टंटांना उत्तर देताना नेमकं हेच म्हटलं, की नीतिमान होणं म्हणजे फक्त पापांची क्षमा नव्हे, आतल्या माणसाचं नवं होणंही आहे. ल्यूथर खरंच असा होता तर एवढी फाटाफूट कशासाठी?

एस्पूकर

फाटाफुटीची कारणं पोपची सत्ता, मिस्सा, पैसा, राजे अशी पुष्कळ होती. या मुद्द्यापुरतं बोलायचं तर भांडण 'आत काही बदलतं का' यावर नव्हतं, 'आत येतं काय' यावर होतं. तेराव्या शतकातला ईश्वरशास्त्री थॉमस अक्वायनस आणि नंतरच्यांच्या मते देव आत्म्यात एक निर्मित गुण घालतो, आणि प्रेमानं विश्वासाला आकार येतो. ल्यूथर म्हणतो, गुण कसला, ख्रिस्त स्वतः येतो. विश्वासाला आकार देतो तो ख्रिस्त. त्याआधी पेत्रुस लोंबार्द यानं म्हटलं होतं, की आपल्यातलं प्रेम म्हणजे पवित्र आत्मा स्वतःच. अक्वायनसनं ते नाकारलं. तरुण ल्यूथरनं लोंबार्दच्या ग्रंथाच्या समासात लिहिलेल्या टिपा आहेत, त्यात त्याचा कल लोंबार्दकडे दिसतो.

या विषयावर ३१ ऑक्टोबर १९९९ ला आउग्सबुर्गमध्ये दोन्ही बाजूंनी संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. क्षमा आणि आतलं नूतनीकरण ही वेगळी काढायची नाहीत, असं त्यात दोघांनी एकत्र म्हटलंय. मेथडिस्ट, अँग्लिकन आणि रिफॉर्म्ड मंडळीही पुढे त्यात आली.

काजवा

एवढं सगळं वाचलं. एक साधा प्रश्न विचारते. 'मी माझ्या शेजाऱ्यासाठी ख्रिस्त होईन' असं १५२० मध्ये लिहिणारा माणूस १५२५ मध्ये बंडखोर शेतकऱ्यांना कापून काढा, भोसका म्हणतो. १५४३ मध्ये ज्यूंची प्रार्थनास्थळं जाळा, घरं पाडा म्हणतो. हे शेजारी नव्हते का? ख्रिस्त आत हजर होता तेव्हा तो काय करत होता?

एस्पूकर

होते. शेजारीच होते.

ल्यूथरपंथी लोक इथे चटकन त्याचं ते प्रसिद्ध सूत्र काढतात: विश्वासू माणूस एकाच वेळी नीतिमान आणि पापी असतो. सूत्र म्हणून ते मला मान्य आहे, पण या ठिकाणी ते ढालीसारखं वापरलेलं मला सहन होत नाही. १५४३ चं लेखन नाझींनी मिरवलं. अमेरिकेतल्या सर्वात मोठ्या ल्यूथरपंथी चर्चनं १९९४ मध्ये ते जाहीरपणे नाकारलं, आणि ते बरंच उशिराचं आहे.

तुमच्या प्रश्नाची धार ईश्वरीकरणाच्या कल्पनेवरच येते आणि यायला हवी. सहभाग खरा असेल तर त्याचं काहीतरी दिसायला हवं, नाहीतर आपण कोर्टाच्या कागदावर परत आलो. मला सुचतं ते एवढंच, की ल्यूथरच्या स्वतःच्या मापानं, म्हणजे तुझ्या खाली कोण आहे आणि त्याच्यासाठी तू काय झालास या मापानं, १५४३ चा ल्यूथर नापास होतो. माप मला त्याच्याकडूनच मिळालं, हे अवघड आहे, पण आहे तसं आहे.

काजवा

ढाल वापरली नाहीत, ठीक. ऑर्थोडॉक्स लोक निदान उपवास, जागरण, वर्षानुवर्षांची साधना यांतून माणूस हळूहळू बदलतो असं तरी म्हणतात. ल्यूथरकडे माणसानं करण्यासारखं काही नाही, मग न बदलण्याला सबब आयती.

पोथीपाल

@काजवा, हेच सोळाव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलच्या कुलगुरूंनी कळवले होते! १५७३ पासून ट्युबिंगनच्या प्राध्यापकांनी (याकोब आंद्रेए, मार्टिन क्रुसियस) कुलगुरू यिर्मया दुसरे यांना पत्रे लिहिली, आउग्सबुर्गच्या मतपत्राचा, म्हणजे ल्यूथरपंथीयांच्या मूळ श्रद्धापत्राचा, ग्रीक तर्जुमा पाठवला. अपेक्षा ही, की पोपशी आपले दोघांचेही जमत नाही, तर आपले जमेल. १५७६ मध्ये सविस्तर उत्तर आले. पवित्र आत्मा पुत्रापासूनही निघतो का, संतांची विनवणी, माणसाची स्वतंत्र इच्छा, आणि सत्कृत्यांवाचून नुसता विश्वास पुरतो का: बहुतेक ठिकाणी नकार. १५८१ मध्ये कुलगुरूंनी शेवटचे लिहिले, की तुम्ही तुमच्या वाटेने जा, यापुढे मतांबद्दल लिहू नका, लिहायचेच तर मैत्रीखातर लिहा.

इच्छास्वातंत्र्याचा तो खडा फिनिशांनाही काढता आलेला नाही. पूर्वेकडे माणूस देवाशी सहकार्य करतो. ल्यूथरने १५२५ मध्ये मानवतावादी विद्वान एरास्मस याच्याविरुद्ध लिहिताना तारणाच्या बाबतीत माणसाची इच्छा बांधलेली आहे असे ठासून सांगितले, आणि ते मागे घेतले नाही.

एस्पूकर

खरंय. कीवला दोन्ही बाजू जवळ आल्या, तरी हा खडा टेबलावरच राहिला.

समुद्रकाठचा

मूळ वाचायचं तर कुठून सुरुवात करावी? जाडजूड ग्रंथ झेपणार नाही.

एस्पूकर

१५२० चा ख्रिस्ती स्वातंत्र्यावरचा निबंध घ्या, दोन-तीन बैठकांत होतो. इंग्रजी भाषांतरं जालावर फुकट आहेत. ते आवडलं तर गलतीच्या व्याख्यानांतून दुसऱ्या अध्यायाच्या १५ ते २१ या वचनांवरचाच भाग काढा. शेजारी मराठी बायबल उघडं ठेवा: 'ह्यापुढे मी जगतो असे नाही, तर ख्रिस्त माझ्या ठायी जगतो.' मान्नर्मा त्यानंतर. आधी मान्नर्मा वाचलात तर पोथीपाल रागावतील.

पोथीपाल

नंतर वाचलात तरी रागावेन. पण आधी ल्यूथर, यावर एकमत.